वाचकांचे प्रश्न : तातेवच्या मठाला किती वेळ द्यावा?

प्रश्न : येत्या मे महिन्यात आम्ही उभयता आर्मेनियाला जाणार आहोत. येरेवानहून तातेव मठाची एका दिवसाची सहल निघते आणि ‘रोपवेने बारा मिनिटांत मठ’ असे तिच्या जाहिरातीत म्हटले आहे. केवळ एक मठ पाहण्यासाठी एवढ्या दूर जावे का, आणि गेल्यास एक दिवस पुरेल का?

उत्तर : जरूर जावे, मात्र शक्य असल्यास त्याच दिवशी परतण्याचा बेत बदलावा. तातेव येरेवानपासून सुमारे २५० किलोमीटरवर, देशाच्या दक्षिणेकडील सिउनिक प्रांतात आहे, आणि रस्ता घाटाघाटांचा असल्यामुळे एका बाजूच्या प्रवासालाच चार तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. त्यामुळे सहलीने जाणाऱ्यांचा बहुतेक दिवस गाडीत सरतो आणि मठाच्या वाट्याला, तोही भर गर्दीचा, थोडासाच वेळ येतो. गोरिस या जवळच्या शहरात किंवा तातेव गावातच एखाद्या घरगुती निवासात मुक्काम केला, तर सकाळी सहली पोहोचण्यापूर्वी मठ निवांतपणे पाहता येतो.

रोपवेबद्दल म्हणाल, तर तो ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू झाला, त्याची लांबी ५,७५२ मीटर आहे आणि हालिद्झोर गावातून निघून तो वोरोतान नदीची खोल दरी एका झेपेत ओलांडतो. हा अनुभव घ्यावाच. परंतु जाताना रोपवे आणि येताना दरीतला नागमोडी रस्ता अशी विभागणी करावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. हा रस्ता जिथे नदी ओलांडतो, तिथे खनिजयुक्त झऱ्यांच्या क्षारांचे थर साचून तयार झालेला ‘सैतानाचा पूल’ हा नैसर्गिक पूल आहे. जवळच्याच झाडीत तातेवचा मोठा आश्रम आहे. सतराव्या शतकात भूकंपाने आधीचा आश्रम उद्ध्वस्त झाल्यावर तिथल्या साधूंसाठी तो उभारला गेला. तातेव गावातून पायवाटेने उतरूनही तिथे जाता येते, पण उतरलेले सगळे परत चढावे लागते, हे लक्षात ठेवून निघावे. वारा फार असला की रोपवे थांबवतात, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करावी.

प्रश्न : इतक्या आडबाजूच्या कड्यावर मठ बांधण्याचे कारण काय? केवळ एकांत हवा म्हणून का?

उत्तर : एकांत हे फार तर अर्धे कारण. पठाराचे हे टोक दोन बाजूंनी सरळ दरीत तुटलेले असल्यामुळे तटबंदीचे निम्मे काम निसर्गानेच केलेले होते, आणि सिउनिकच्या बिशपपीठाला, म्हणजे बिशपच्या मुख्य ठाण्याला, अशाच जागेची गरज होती. संत पॉल आणि संत पीटर यांच्या नावाचे मुख्य चर्च ८९५ ते ९०६ या काळात बांधले गेले. त्यानंतर आसपासची गावे, शेते आणि त्यांचे उत्पन्न मठाकडे येत गेले. हे सर्वांनी आनंदाने स्वीकारले असे मात्र नाही. दहाव्या शतकात त्सुराबेर्द आणि शेजारच्या गावांतील शेतकऱ्यांनी मठाविरुद्ध वारंवार उठाव केले, आणि याची नोंद करणारा इतिहासकार स्तेपानोस ओर्बेलियान हा स्वतः सिउनिकचा बिशप होता. मठ पाहताना ही बाजूही ध्यानात असावी, असे मला वाटते. दरवाजाबाहेरचे जुने तेलघाणे चुकवू नये. जड दगडी जाती आणि तेलबियांची भट्टी पाहिली की येथे प्रार्थनेइतकाच मोठा संसारही चालत होता, हे पटते.

त्या उत्पन्नावरच पुढे येथील विद्यापीठ उभे राहिले. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात होव्हान व्होरोत्नेत्सी आणि त्याचा शिष्य ग्रिगोर तातेवात्सी यांच्या काळात धर्मशास्त्र, तत्त्वज्ञान, हस्तलेखन, लघुचित्रकला आणि संगीत शिकण्यासाठी विद्यार्थी येथे येत असत. ग्रिगोरने १३९७ मध्ये पूर्ण केलेला मोठा ग्रंथ ‘प्रश्नांचे पुस्तक’ या नावाने ओळखला जातो, आणि तो सगळा प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे. अशा सदराच्या लेखकाला त्याच्याविषयी विशेष आदर वाटणे स्वाभाविक आहे. त्याची समाधी मुख्य चर्चला लागूनच आहे. तातेवला जाण्यापूर्वी येरेवानमधील मातेनादारान या हस्तलिखित संग्रहालयात एक सकाळ घालवलीत, तर त्या समाधीपाशी आपण अधिक वेळ थांबाल.

प्रश्न : तेथे हलणारा दगडी खांब आहे, हे खरे का? आणि १९३१ च्या भूकंपात मठ पडला होता ना, मग आज दिसते ते नवे बांधकाम आहे का?

उत्तर : खांब खराच आहे. ‘गवाझान’ नावाचा हा अष्टकोनी स्तंभ दहाव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे मुख्य चर्च बांधले जात असतानाच उभारला गेला. त्याची उंची सुमारे आठ मीटर आहे आणि माथ्यावर कोरीव क्रूसशिला, म्हणजे खाचकार, बसवलेली आहे. बुंध्याशी जणू बिजागरी असावी अशी त्याची रचना केलेली होती, त्यामुळे तो ढकलला की किंचित कलून पुन्हा सरळ होत असे. जमिनीचा कंप किंवा चालून येणाऱ्या सैन्याची चाहूल त्यावरून लागे, असे परंपरेने सांगतात. आज मात्र त्याला हात लावून पाहू नये.

१९३१ च्या भूकंपात मुख्य चर्चचा घुमट आणि घंटाघर कोसळले, पण हा खांब टिकून राहिला. घुमट नंतर सोव्हिएत काळातच पुन्हा बांधण्यात आला, म्हणून वरचा भाग अलीकडचा आणि खालच्या भिंती मूळच्या, असे ढोबळ मानाने समजावे. आतील भित्तिचित्रे ९३० च्या सुमाराची असून त्यांचे थोडेच अवशेष उरले आहेत. बाहेरून मात्र मान वर करून खिडक्यांच्या माथ्याकडे पाहा. तेथे माणसांचे चेहरे कोरलेले असून त्यांच्याकडे तोंड करून जिभा काढलेली सापांची मुंडकी आहेत. आर्मेनियन लोकपरंपरेत साप घराचा राखणदार मानला जात असे, त्यामुळे ही शिल्पे भीती घालण्यासाठी नसून रक्षणासाठी असावीत, हा अर्थ मला योग्य वाटतो.

प्रश्न : प्रार्थना चालू असताना इतर धर्मीयांना आत जाता येते का?

उत्तर : येते. रविवारची उपासना तर अवश्य ऐकावी. ती प्राचीन आर्मेनियन भाषेत गायली जाते आणि बरीच लांबते, तेव्हा मध्येच निघायचे असल्यास दाराजवळ उभे राहावे. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घालावेत. पुरुषांनी टोपी काढावी. स्त्रिया डोक्यावर रुमाल घेतात, तसा आपणही घेतल्यास तेथील लोकांना बरे वाटते. मेणबत्त्यांसाठी सुटे द्राम, म्हणजे तिथले चलन, जवळ असू द्यावेत, आणि उपासना सुरू असताना छायाचित्रे काढू नयेत.