आवाज कशामुळे बसला होता?

«ताई, लग्नाला चौदा वर्षं झाली. नवरा मनाने वाईट नाही, तापट आहे. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी एकदा हात उचलला होता, मग बरीच वर्षं फक्त आरडाओरडा. गेल्या वर्षभरात त्याच्या कामाचा ताण वाढला, तशी चिडचिड वाढली. जानेवारीत माझा फोन भिंतीवर आपटला. मे महिन्यात ढकललं, मनगट मुरगळलं. ऑगस्टमध्ये जरा जास्तच झालं, पण त्या दिवशी मीही उलट बोलले होते. नंतर आठवडाभर माझा आवाज बसला होता, म्हणून आईचे फोनसुद्धा घेतले नाहीत. दर वेळी नणंद येते, दोघांची समजूत काढते. ती फार चांगली आहे. आता महिनाभर सगळं शांत आहे. म्हणून ठरवलंय, येत्या रविवारी त्याला समोर बसवून स्पष्ट सांगायचं, पुन्हा असं झालं तर मी मुलांना घेऊन निघून जाईन. कसं बोलू म्हणजे तो चिडणार नाही?»

रविवारी त्याच्याशी काहीही बोलू नकोस. ते का, ते पुढे सांगते. आधी तुझ्या आवाजाचं बोलू.

ऑगस्टमध्ये काय झालं ते तू लिहिलं नाहीस. सर्दी-खोकला झाल्याचंही लिहिलं नाहीस. भांडण झालं आणि पुढच्याच वाक्यात आठवडाभर बसलेला आवाज आला, तोही आईचे फोन का घेतले नाहीत हे सांगण्यापुरता. त्याने तुझा गळा दाबला, असं मी समजते आहे. माझा अंदाज चुकला तर मला बरंच वाटेल. पण तो खरा असेल, तर तुझ्या पत्रातल्या बाकीच्या सगळ्या गोष्टी मागे पडतात.

गळ्याच्या दोन्ही बाजूंनी मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या जातात. त्या पूर्ण दाबल्या गेल्या तर माणूस दहाएक सेकंदांत बेशुद्ध पडू शकतो आणि काही मिनिटांत मरू शकतो. त्यातून वाचलेल्या बाईच्या अंगावर बहुतेकदा दाखवण्यासारखं काही उरत नाही. अमेरिकेत सॅन दिएगोमधल्या पोलिसांकडच्या अशा ३०० प्रकरणांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्या बायकांच्या गळ्यावर एकही खूण दिसत नव्हती. कळतं ते दुसऱ्याच गोष्टींवरून: आवाज बसतो, गिळताना दुखतं, डोळ्यांत लाल ठिपके येतात, मधला थोडा वेळ आठवतच नाही. रक्तवाहिनीला आतून इजा झाली तर तिथे गुठळी धरते आणि काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, तरुण बाईलासुद्धा पक्षाघात होऊ शकतो.

आणखी एक आकडा सांगते. घाबरवायला नाही, तो तुला माहीत असलाच पाहिजे म्हणून. नवऱ्याचा किंवा जोडीदाराचा मार खाणाऱ्या बायकांपैकी जिचा गळा त्याने आधी कधी दाबला आहे, तिचा खून होण्याची शक्यता बाकीच्यांपेक्षा सात पटींहून जास्त असते, असं २००८ च्या एका अमेरिकी अभ्यासात आढळलं. गळा सोडून देणाऱ्या माणसाने स्वतःला आवरलं, असं बाईला वाटतं. तिचा जीव आपल्या हातात आहे हे त्याने तिला दाखवून दिलेलं असतं.

आता तुझा चौदा वर्षांचा हिशेब. जॅकलिन कॅम्बेल नावाच्या नर्सने १९८५ च्या सुमारास अशा बायकांचा धोका जोखण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. तिची सुरुवात कॅलेंडरने होते. गेल्या वर्षभरात कोणकोणत्या दिवशी मारहाण झाली आणि किती, हे बाईने स्वतःच्या हाताने त्यावर मांडायचं. «तसं काही वाढलेलं नाही» म्हणणाऱ्या कित्येक बायका कॅलेंडर भरून झालं की उत्तर बदलतात. तू प्रत्येक प्रसंगाशेजारी त्याचं कारण लिहिलं आहेस. कारणं काढून टाक आणि उरलेलं वाच. आधी कित्येक वर्षांत एक थप्पड. मग एकाच वर्षात जानेवारीत फोन, मेमध्ये मनगट, ऑगस्टमध्ये गळा. वस्तूवरून अंगावर आणि अंगावरून श्वासावर. मधली अंतरंही कमी होत चालली आहेत. कामाचा ताण असा पायरी-पायरीने चढत नाही.

आणि फोन तुझाच फुटला. चौदा वर्षांच्या तापटपणात त्याने स्वतःची एखादी वस्तू फोडल्याचं तू लिहिलेलं नाहीस. ऑफिसात वरिष्ठांवर हात टाकल्याचंही नाही. ज्याचा तोल खरंच जातो, त्याला समोर कोण आहे आणि वस्तू कोणाची आहे याचं भान राहत नाही. तुझ्या नवऱ्याला ते बरोबर राहतं.

एक गोष्ट तुझ्या पत्रात कुठेच नाही, माफी. मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी १९७९ मध्ये या चक्राचे टप्पे मांडले: आधी ताण साचतो, मग स्फोट होतो, मग माफी, रडणं, लाड. वर्षं जातात तसा हा शेवटचा टप्पा आटत जातो, हेही त्यांनीच नोंदवलं. सध्याच्या ज्या महिन्याला तू शांत म्हणतेस, त्यात त्याने पश्चात्तापाचा एक शब्द तरी काढला का? काढला असता तर तू तो पहिल्याच ओळीत लिहिला असतास, इतकी तू त्याच्या बाजूने लिहितेस.

नणंदेबद्दल मला चांगलं म्हणवत नाही. ती प्रत्येक वेळी येते, म्हणजे प्रत्येक वेळी काय झालं ते तिला ठाऊक आहे. तुझा बसलेला आवाज तिने ऐकला असणारच. तरी ती समजूत दोघांची काढते, जणू गळे दोघांचे दाबले गेले होते. ती प्रेमळ असेलही, पण प्रत्येक समजुतीनंतर त्याला पुढचं पाऊल टाकायला वाव मिळतो. यातलं काहीही तिच्या कानावर घालू नकोस. ती चांगुलपणानेच जाऊन भावाला सांगेल.

आणि रविवार. जेन मंक्टन स्मिथ या ब्रिटिश अभ्यासक बाईंनी जोडीदाराने केलेल्या ३७२ खुनांचा अभ्यास करून २०१९ मध्ये त्यांचा आठ टप्प्यांचा क्रम मांडला. सुरुवातीचे टप्पे हुकमतीचे असतात आणि त्यात वर्षानुवर्षं जाऊ शकतात. ते चित्र बदलतं ते हुकमत निसटतेय असं वाटलं की. बहुतेकदा बाई सोडून गेलेली असते, नाहीतर जाईन असं बोललेली असते. तू नेमकं तेच वाक्य तयार केलं आहेस, ज्याने एकदा गळा धरला आहे त्या माणसाला, चार भिंतींच्या आत, तोंडावर ऐकवायला. तो चिडणार नाही असं हे वाक्य बोलण्याची पद्धत कोणाकडेही नाही. जायचं असेल तर जा, माझी पूर्ण साथ आहे. पण त्याला ते तू पोहोचल्यावर कळू दे.

उद्या डॉक्टरकडे जा. महिना झाला म्हणून उशीर झाला असं समजू नकोस. आत एकटीने जा आणि सरळ म्हण, «नवऱ्याने माझा गळा दाबला होता, त्यानंतर आठवडाभर आवाज बसला होता.» पडले, लागलं, असलं काही नको. मधला वेळ आठवत नसेल किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली असेल तर तेही सांग. केसपेपरवर हे सगळं तारखेसकट लिहायला लाव. मग तिथल्याच समाजसेविकेला भेटायचं आहे असं सांग किंवा महिला हेल्पलाइनला तिथूनच फोन लाव. निघायचं कधी, कसं आणि कुठे, हे त्यांच्याबरोबर बसून ठरव. कॅलेंडरही तिथेच भर, घरी नाही. त्याआधीच डोकं भयंकर दुखलं, एक पापणी खाली आली, बोलताना जीभ अडखळली किंवा हातापायातली ताकद गेली, तर वाट न बघता इमर्जन्सीत जा. तो पुन्हा अंगावर आला तर पोलिसांना फोन कर, नणंदेला नाही.

केसपेपर घरी आणू नकोस. ज्या मैत्रिणीच्या फोनवरून तू मला लिहिलंस, तिच्याकडे ठेव. ओळख पटेल असं सगळं मी या पत्रातून काढलं आहे, आणि हे उत्तर छापून येण्याआधीच तिच्या फोनवर पाठवलं आहे. तिथेच वाच, आणि सकाळी तिला सोबत घेऊन नीघ.