शो आयपी रूट बरोबर दाखवतंय, मग पॅकेट जातं कुठे?

प्रश्न : आमची देवगड तालुक्यात छोटी फायबर सेवा आहे. एक अपलिंक (वरच्या कंपनीची जोडणी) कणकवलीमार्गे आहे, दुसरी घाट चढून कोल्हापूरहून येते. लिनक्स मशीनवर एफआरआर (रूट ठरवणारं सॉफ्टवेअर) चालतो, पॅकेट पुढे पाठवायचं काम व्हीपीपीकडे आहे, आणि दोन्हीकडून पूर्ण बीजीपी टेबल (नेटवर्क एकमेकांना सांगतात ते साऱ्या इंटरनेटचे रूट) घेतो. पावसात किंवा रस्त्याच्या खोदकामात कणकवलीकडची केबल तुटली की सगळं तीनेक मिनिटं ठप्प होतं. मग सुरू होतं, पण काही साइट उघडतच नाहीत. एफआरआरमध्ये रूट अगदी बरोबर दिसतो. व्हीपीपी रीस्टार्ट केला की सगळं ठीक. असं का? (देवगड)

उत्तर : तुमच्याकडे दोन वेगळे बिघाड एकामागोमाग येतात, म्हणून ते एकच वाटतात.

तीन मिनिटांचं कारण साधं आहे. एफआरआरमध्ये बीजीपीचा होल्ड टाइम (शेजारी गप्प राहिला तर किती वेळ वाट पाहायची ती मुदत) मुळात १८० सेकंद असतो. केबल पुढे कुठेतरी तुटते. तुमच्या पोर्टसमोरचा स्विच चालूच असतो, त्यामुळे पोर्टचा दिवा हिरवाच राहतो. शेजारी, म्हणजे पलीकडचा राउटर, गेला हे बीजीपीला कळायला तो होल्ड टाइम संपावा लागतो. यावर उपाय बीएफडी, म्हणजे शेजारी जिवंत आहे का हे सतत तपासणारा वेगळा प्रोटोकॉल. ३०० मिलिसेकंदांचं अंतर आणि सलग ३ चुका धरल्या की सेकंदाच्या आत कळतं. मधला टप्पा वायरलेस असेल तर १ सेकंद आणि ३ चुका ठेवा, नाहीतर लोड वाढला की सेशन उगाचच पडत-उठत राहील. बीएफडी दोन्ही टोकांना लागतो. अपलिंकवाले देत नसतील तर निदान कीपअलाइव्ह (‘मी आहे’ हा निरोप पाठवायचं अंतर) १० सेकंद आणि होल्ड टाइम ३० सेकंद करा. दोघांपैकी लहान आकडा मान्य होतो, म्हणून हा बदल तुमच्या बाजूने केला तरी पुरतो. मात्र सेशन एकदा रीसेट करावं लागेल.

आता न उघडणाऱ्या साइट. तुम्ही पाहता तो रूट आणि पॅकेट ज्यावरून जातं तो रूट, ही एकच नोंद नाही. बीजीपी आपली निवड एफआरआरच्याच झेब्रा या भागाला सांगतो, झेब्रा कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, लिहितो, कर्नल नेटलिंक या आतल्या निरोपवाटेवर निरोप सोडतो, व्हीपीपीचा लिनक्स-सीपी प्लगइन तो ऐकतो आणि मग व्हीपीपीच्या फॉरवर्डिंग टेबलात, म्हणजे फिबमध्ये, बदल होतो. डेपोच्या वहीत गाडीची वेळ बदलली आणि फलाटावरचा फळा कोणी पुसलाच नाही, तसं झालंय. प्रवासी फळा बघून उभा राहणार.

म्हणून न उघडणाऱ्या साइटचा एकच पत्ता घ्या, समजा २०३.०.११३.१०, आणि तोच तीन ठिकाणी विचारा : एफआरआरमध्ये ‘शो आयपी रूट’, लिनक्समध्ये ‘आयपी रूट गेट’, व्हीपीपीमध्ये ‘शो आयपी फिब’. एफआरआरच्या ओळीत निवडलेल्या रूटपुढे > आणि खाली पोचलेल्यापुढे * हवं. क्यू दिसला तर रूट अजून रांगेत आहे, आर दिसला तर कर्नलने नाकारलाय. पहिली दोन उत्तरं कोल्हापूर म्हणतात आणि तिसरं कणकवली, असं निघालं की समजा निरोप नेटलिंकवर हरवला.

हरवतो कारण पूर्ण आयपीव्ही४ टेबलात आज दहा लाखांच्या आसपास रूट आहेत. त्यातले लाखो एकदम बदलतात तेव्हा निरोपांचा लोंढा येतो. बहुतेक मशीनवर सॉकेटचा रिसीव्ह बफर (आलेले निरोप वाचेपर्यंत ठेवायची जागा) मुळात २,१२,९९२ बाइटचा असतो; त्यात जेमतेम काही शे निरोप मावतात. बफर भरला की कर्नल कोणासाठी थांबत नाही. उरलेले निरोप टाकून देतो आणि ऐकणाऱ्याला फक्त एनोबफ्स ही चूक कळवतो. ऐकणाऱ्याने तेव्हा सगळं टेबल पुन्हा मागून घ्यायला हवं. तसं झालं नाही तर जुने रूट तसेच पडून राहतात, रीस्टार्ट होईपर्यंत.

लिनक्सची नेट.कोअर.आरमेम_मॅक्स ही सेटिंग ६७१०८८६४ (६४ एमबी) करा, आणि प्लगइनच्या नेटलिंक सॉकेटचा बफरही तितकाच वाढवा. पहिला आकडा ही फक्त मर्यादा आहे, तेवढ्याने सॉकेट मोठा होत नाही. मग रात्री मुद्दाम एक सेशन पाडून प्रोक-नेट-नेटलिंक या फाइलमधला ड्रॉप्सचा रकाना पाहा. शून्याच्या वर काहीही असेल तर काम अर्धवट आहे. आणखी एक खोच : इंटरफेस डाउन झाला की लिनक्स त्यावरचे आयपीव्ही४ रूट गुपचूप काढतो, प्रत्येकाचा वेगळा निरोप पाठवत नाही. फक्त रूटचे निरोप मोजणारी स्क्रिप्ट तिथे फसते.

आणि खरं विचाराल तर दोन अपलिंकवर पूर्ण टेबल घेण्याची तुम्हाला गरज आहे असं वाटत नाही. दोघांकडून डिफॉल्ट रूट (दुसरा कुठलाच जुळला नाही तर वापरायचा) आणि त्यांच्या स्वतःच्या ग्राहकांचे रूट तेवढे मागा. लोंढाच येणार नाही.

प्रश्न : प्रोजेक्टसाठी डीपीडीके या वेगवान पॅकेट-हाताळणीच्या संचातल्या एलपीएम (सर्वात लांब जुळणारा रूट शोधणाऱ्या) लायब्ररीवर राउटर लिहितेय. एल३एफडब्ल्यूडी या नमुन्यातले आकडे तसेच ठेवलेत : मॅक्स_रूल्स १०२४, नंबर_टीबीएल८एस २५६. वेगवेगळ्या गल्ल्यांचे /३२ (एकेका पत्त्याचे) रूट टाकते. २५६ बसतात, २५७ वा -२८ देतो. १०२४ ची जागा असताना? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, चिपळूण)

उत्तर : -२८ म्हणजे जागा संपली, पण नियमांची नव्हे, लांब रूटांसाठीच्या टीबीएल८ या दुसऱ्या टेबलाची. पत्त्याचे पहिले २४ बिट टीबीएल२४ मध्ये थेट क्रमांक म्हणून वापरले जातात : १,६७,७७,२१६ नोंदी, प्रत्येकी ४ बाइट, एकूण ६४ एमबी. /२४ (पहिले २४ बिट ठरलेला) पर्यंतचा रूट तिथेच संपतो, एका वाचनात. त्याहून लांब रूट आला की त्या /२४ साठी टीबीएल८ मध्ये २५६ नोंदींचा एक पूर्ण गट राखला जातो. १०.१.२.० ते १०.१.२.२५५ हे सगळे /३२ टाकलेत तरी एकच गट लागेल. तुमचे प्रत्येकी निराळ्या /२४ मध्ये आहेत, म्हणून प्रत्येकाला एक गट. गट १ केबीचा. ४०९६ ठेवलेत तरी ४ एमबीच जातील. काटकसर करू नका.

बाकी दोन गोष्टी आत्ताच तपासा. आरटीई_एलपीएम_ॲड या रूट टाकणाऱ्या फंक्शनला पत्ता होस्टच्या बाइट-क्रमात हवा असतो आणि पॅकेटमधला नेटवर्कच्या. उलटा गेला तर १०.०.०.१ चा १.०.०.१० होतो, चूक येत नाही, फक्त रूट सापडत नाही. दुसरं, रूट काढताना रिकामा झालेला गट लगेच दुसऱ्या /२४ ला दिला जाऊ शकतो, आणि त्याच क्षणी दुसरा कोअर तो जुना समजून वाचत असेल तर पॅकेट भलतीकडे जातं. त्यासाठी टेबलाला आरसीयू (सगळ्यांचं वाचून होईपर्यंत जुनी जागा मोकळी न करण्याची सोय) जोडा आणि प्रत्येक कोअरला फेरीगणिक ‘माझं वाचून झालं’ असं कळवायला लावा. एखादा कोअर ऑफलाइन न होता झोपला तर गट मोकळेच होत नाहीत.

टेबलात नेक्स्ट हॉपचा (पुढच्या राउटरचा) फक्त क्रमांक ठेवा. मॅक पत्ता आणि पोर्ट वेगळ्या लहान यादीत. लिंक पडली की त्या यादीतली एक ओळ बदलायची. थेट टीबीएल२४ मध्ये लिहायला गेलात तर एका /८ साठी ६५,५३६ नोंदी बदलाव्या लागतात.

प्रश्न : डिफॉल्टला मेट्रिक (रूटची किंमत, लहान तो सरस) १० दिलंय, एका /२४ ला १०००. तरी पॅकेट /२४ वरूनच जातं. (राजापूर)

उत्तर : जायलाच हवं. आधी लांब प्रीफिक्स (पत्त्याचा ठरलेला सुरुवातीचा भाग) जिंकतो. मेट्रिक फक्त सारख्याच प्रीफिक्समध्ये पाहिलं जातं. ४१६ ने कोल्हापूरचेही पिनकोड सुरू होतात आणि सिंधुदुर्गाचेही, पण पाकिटावर ४१६६०६ दिसल्यावर ते मालवणच्याच पिशवीत पडतं.

प्रश्न : होमस्टेच्या लिनक्स मशीनला दोन ब्रॉडबँड आहेत. मशीनवरच्या व्हीपीएनला दुसऱ्या लाइनच्या पत्त्यावरून कोणी जोडू शकत नाही. (मालवण)

उत्तर : विनंती दुसऱ्या लाइनवरून येते, परतीची वाट मुख्य टेबलानुसार पहिलीची. आरपी_फिल्टर (आलेल्या पॅकेटची परतीची वाट त्याच इंटरफेसवरून आहे का हे तपासणारी लिनक्सची सेटिंग) १ असेल तर पॅकेट दारातच टाकलं जातं. लॉग_मार्शन्स (अशा पॅकेटांची नोंद ठेवणारी सेटिंग) चालू केलंत की डीमेसेज या कर्नलच्या लॉगमध्ये दिसेल. फक्त आरपी_फिल्टर २ (सैल तपासणी) करून भागत नाही, कारण उत्तर पहिल्या लाइनवरून दुसरीचा पत्ता घेऊन निघतं आणि ती कंपनी ते टाकून देण्याची शक्यता मोठी. आधी टेबल १०२ नावाचं वेगळं रूट टेबल करा, त्यात दुसऱ्या लाइनचा डिफॉल्ट टाका, मग ‘आयपी रूल’ने त्या पत्त्यावरून निघणारं सगळं १०२ कडे वळवा. मुख्य टेबलाचा नियम ३२७६६ वर असतो, तुमचा त्याआधी हवा. १०२ मध्ये घरच्या लॅनचा रूटही घाला; नाहीतर घरातूनच त्या पत्त्यावर गेलात तर उत्तर बाहेर जाईल. तरीही अडलं तर त्या इंटरफेसचा आरपी_फिल्टर २ करा. ‘ऑल’मधला आकडा आणि इंटरफेसचा आकडा यांतला मोठा लागू होतो, म्हणून ‘ऑल’ १ असताना इंटरफेसला ० देऊन काहीच बदलत नाही.