दावेदार म्हणजे वारस नव्हे, वैरी

एका कथेतला कल्पित राजा शेजारच्या राजाला खलिता धाडतो : 'हे खोरं माझ्या पणजोबांचं. मी त्याचा दावेदार आहे.' इथे 'दावेदार' बरोबर की 'वारसदार', असा प्रश्न ती कथा लिहिणाऱ्याकडून आला आहे.

दोन्ही नकोत. 'वारस' लिहा. वारस म्हणजेच वारसा घेणारा, त्याला वर आणखी 'दार' कशाला?

पण खरी चीड 'दावेदार'ची आहे. 'विजेतेपदाचे प्रबळ दावेदार', 'तिकिटाचे तीन दावेदार' असं रोज कानावर आदळतं. ही सरळसरळ हिंदीची उचल आहे. मराठीत दावेदार म्हणजे वैरी. 'जन्माचा दावेदार' कोणाला म्हणतात? 'दैवानं दावा साधला', 'त्यानं मनात दावा धरला' यांत कोण कसला हक्क मागतंय? आणि 'हेवेदावे' तर सगळेच बोलतात, त्यातला 'दावा' हाच. तेव्हा तुमचा राजा स्वतःला त्या खोऱ्याचा शत्रू म्हणवून घेतो आहे.

आता यातली गंमत पाहा. दावा मूळचा अरबी, आणि त्याच्या धातूचा अर्थ आहे हाक मारणे. देवाला हाक मारली की दुआ, पाहुण्याला मारली की दावत, आणि 'ही वस्तू माझी' अशी हाक दिली की दावा. ज्या गोष्टीवर हक्क सांगितला ती 'मुद्दआ'. तिचाच आपला 'मुद्दा' झाला, नि त्याला माल जोडून 'मुद्देमाल'! सभेत मुद्दा मांडणारा आणि पोलिसात मुद्देमाल जमा करणारा एकाच धातूचं खातात. ('दवा' मात्र यात ओढू नका, तो शब्द वेगळ्या धातूचा.)

हक्काच्या हाकेचं वैर कसं झालं? माझं मत पक्कं आहे : वतनामुळे, म्हणजे वंशपरंपरेनं चालणाऱ्या हुद्द्यामुळे नि त्याच्या हक्कांमुळे. पाटीलकी, देशमुखी, कुलकर्ण यांवरचे तंटे मराठी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या चालले. गोतसभा म्हणजे गावकऱ्यांची न्यायसभा बसायची, महजर म्हणजे तिच्या निवाड्याचा कागद व्हायचा, हरलेला पक्ष पुन्हा दुसऱ्या दरबारात उभा राहायचा, प्रसंगी मुडदे पडायचे. बापाचा दावा म्हणजे फिर्याद, नातवाचा दावा म्हणजे वैर. मधली पिढी कुठे संपली ते कोणाला कळलंही नसेल. हिंदीत 'मुद्दई' म्हणजे फिर्यादी, आणि तोही शत्रू होऊन बसला, हे खरं. पण तिथे खुद्द 'दावा' कोरडाच राहिला. आपल्याकडे तोच पेटला, आणि त्याला वतनाखेरीज दुसरं कारण मला दिसत नाही.

'पेटला' म्हटलं म्हणून कोणी लगेच 'दावानल' काढू नये. वैर वणव्यासारखं जाळतं, म्हणून हा संस्कृत 'दाव', असं सांगणारे भेटतात. ही व्युत्पत्ती नव्हे, कोटी आहे. दिवाणी दावा लावणारा काय कोर्टात वणवा लावतो? कोर्टातला दावा आणि मनातला दावा एकच आहे, हे ज्याला दिसत नाही त्यानं व्युत्पत्तीच्या वाटेला जाऊ नये.

संस्कृतच हवं असेल तर 'दायाद' घ्या, काय देखणा शब्द आहे! दाय म्हणजे वडिलोपार्जित धनाचा वाटा, तो घेणारा दायाद. पाणिनीच्या एका सूत्रात स्वामी, ईश्वर, अधिपती आणि लगेच दायाद असे ओळीनं बसले आहेत. पण हाही मराठीत आल्यावर सरळ राहिला नाही. मराठेशाहीतल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्र' या राजनीतीवरच्या ग्रंथात वतनदारांना राज्याचे दायाद म्हटलं आहे, ते कौतुकानं नव्हे. वाटा मागणारे, संधी मिळताच राज्याला अपाय करणारे, असा तिथला रोख आहे. वाटेकरी म्हटला की वैर आलंच, ही आमच्या भाषेची खोड दोन्ही शब्दांत सारखीच दिसते.

हो, तुमच्या राजानं पुढच्या ओळीत त्या खोऱ्याला 'आमची वडिलोपार्जित जहागीर' म्हटलंय, तेही खोडा. जहागीर वरचा धनी देतो. ती सांगणारा राजा आपल्या डोक्यावर कोणीतरी आहे हे कबूल करून बसतो, आणि शेजारच्याला नेमकं तेच हवं असणार.