फुटलेला माल, परत पैसे

चवथीच्या आधी फोंड्याला काचेचा डिनर सेट मागवणार आहेस म्हणून आधीच सांगतो. पावसात खोका ओला, कोपरा दबलेला दिसला तर डिलिव्हरीवाल्याला ओटीपी द्यायची घाई नको. खोका धड नसेल तर तिथेच नाकार, तो राजमार्ग.

घेतलासच, तर टेप कापण्याआधी मोबाईलवर व्हिडिओ चालू कर. आधी लेबलवरचा ऑर्डर नंबर स्पष्ट दिसू दे, मग सहाही बाजू, मग कापणं. मध्ये कट नको. घरचे म्हणतील हे काय नाटक, म्हणू देत! फुटका तुकडा खोक्यातच असताना जवळून फोटो घे. थर्मोकोल, पुठ्ठा पिकअप होईपर्यंत कचऱ्यात टाकू नकोस.

तक्रार त्याच दिवशी, ॲपमधूनच. कारण ‘खराब अवस्थेत मिळालं’ हेच निवड, ‘नको आहे’ नव्हे. फोनवरची गोड आश्वासनं नंतर कुणालाच आठवत नाहीत, म्हणून चॅटचे स्क्रीनशॉट ठेव. वॉलेटमध्ये पैसे देतो म्हणाले तर मूळ खात्यातच माग. परत नेणाऱ्याकडून पावती घे.

‘कुरिअरची चूक’ हे उत्तर ऐकून गप्प बसू नकोस. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. नाही दिलं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन कर. त्यानंतर ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तू राहतोस त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, विक्रेता दिल्लीचा असला तरी.