मॅडम, माझं मन कच्चं आहे का?

समीर माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, आला तो बायकोनं पाठवलं म्हणून. (नाव बदललंय, चार तपशीलही इकडचे तिकडे केलेत. लिहिण्याआधी त्याला विचारलं आहे.) वय २९, अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला. गोल्फ क्लब मैदानावर पहाटे धावणाऱ्यांत त्याला ओळखत नाही असा माणूस विरळा. १० किलोमीटर ३९ मिनिटं ४० सेकंदांत, हाफ मॅरेथॉन (२१ किलोमीटर) दीड तासाच्या आत. आणि जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनपासून तीन आठवडे त्यानं बूट कपाटातून बाहेर काढले नव्हते. साडेचारला जाग यायची ती यायचीच, पण हा छताकडे बघत पडून राहायचा. ग्रुपमधल्या कुणाचा फोन आला की कट.

बसल्या बसल्या त्यानं विचारलं, "मॅडम, माझं मन कच्चं आहे का?"

नाशकात हा प्रश्न मी बऱ्याचदा ऐकते, आणि तो विचारणारी पोरं बहुधा वेगवान असतात. हळू धावणारे पहिल्या मॅरेथॉनहून लंगडत परततात, पण पेढे घेऊन. वेगवान परततात ते तोंड लपवत.

झालं होतं असं. त्यानं आपला १० किलोमीटरचा वेळ मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये टाकला. उत्तर आलं, मॅरेथॉन ३ तास २ मिनिटं. "म्हटलं पहिलीच आहे, तीन मिनिटं स्वतःला माफ." म्हणून लक्ष्य ३ तास ५. पहिली २१ किलोमीटर १ तास ३१ मिनिटांत, म्हणजे ठरवल्यापेक्षाही पुढे. तीस किलोमीटरला २ तास १३. त्यानंतर मांड्यांत गोळे यायला लागले, मग पोटरीत. तो डिव्हायडरवर बसला, उठला, पुन्हा बसला. पुढची सहा किलोमीटर सव्वा तास खाऊन गेली. शेवटी ४ तास ३१ मिनिटं.

पण ४.३१ चं दुःख वेगळंच होतं, ते दुसऱ्या भेटीत बाहेर आलं. परतीच्या वाटेवर पेडर रोडच्या चढावर त्याच्या कारखान्यातले देवरे काका मागून आले. वय ५४, १० किलोमीटरला ५२ मिनिटं लागतात. समीर दर वेळी त्यांच्या बारा मिनिटं आधी पोहोचून, चहा पिऊन त्यांना टाळ्या वाजवायला उभा असतो. काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "चल रे, माझ्यासोबत चल हळूहळू."

"शिवी दिली असती तर चाललं असतं," समीर म्हणाला.

काका ४ तास २ मिनिटांत पोहोचले. मी त्यांचे आकडे त्याच कॅल्क्युलेटरमध्ये टाकून बघितले. उत्तर ३ तास ५९. समीर माझ्याकडे बघतच राहिला. यंत्र काकांच्या बाबतीत तीन मिनिटांनी चुकलं आणि त्याच्या बाबतीत दीड तासानं.

कॅल्क्युलेटरमागचं सूत्र पीट रीगल नावाच्या अमेरिकन अभियंत्यानं १९७७ साली मांडलं. अंतर दुप्पट झालं की वेळ दुपटीपेक्षा साधारण चार टक्के जास्त लागतो, असा त्याचा सरळ हिशोब. सूत्र वाईट नाही. पण ते गृहीत धरतं की माणसाची तयारी दोन्ही अंतरांची सारखीच आहे. समीरच्या वहीत आठवड्याला ४५ किलोमीटर होते, त्यातले बरेचसे जीव तोडून. सर्वांत लांब धाव २६ किलोमीटर, त्र्यंबक रोडवर, तीही एकदाच, आणि त्यातही कुणातरी सायकलवाल्याशी शर्यत. काका? वर्षभर आठवड्याला साठ, गप्पा मारत. कॅल्क्युलेटरला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

तिसऱ्या भेटीत मी एक कोरा कागद पुढे केला. म्हटलं, तुझं वजन लिही. ६२. धावताना माणूस दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे ढोबळमानानं एक कॅलरी जाळतो. मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरला किती झाल्या? त्यानं गुणाकार केला, २६०० च्या आसपास. आता स्नायू आणि यकृत मिळून साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, साधारण १६०० ते २००० कॅलरींची. उरलेलं चरबीतून आणि वाटेत खाल्लेल्यातून यायला हवं. चरबी हवी तेवढी आहे, पण तिचं ज्वलन संथ. जेवढ्या जोरात पळशील तेवढा साखरेचा वाटा वाढतो. १० किलोमीटरला हा प्रश्नच येत नाही, चाळीस मिनिटांत टाकी रिकामी होत नाही. म्हणून चाळीस मिनिटांचा राजा बिनधास्त असतो.

"वाटेत काय खाल्लंस?"

"पंचविसाव्या किलोमीटरला एक जेल. सकाळी एक केळं. बाकी पाणी."

एका जेलमध्ये, म्हणजे पळता पळता चोखायच्या गोड पाकाच्या पुडीत, वीस-पंचवीस ग्रॅम साखर, म्हणजे शंभर कॅलरी. एवढा वेळ धावणाऱ्याला तासाला ३० ते ६० ग्रॅम तरी लागतात, आणि ते पहिल्या तासापासून, भूक लागायच्या आधी. गृहस्थ वर्षानुवर्षं पहाटे कोऱ्या चहावर पळालेला. पळताना खाण्याची पोटालाही सवय लागते हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यात डिसेंबरभर सराव नाशिकच्या कोरड्या थंडीत, आणि स्पर्धा मुंबईच्या दमटपणात, जिथे घाम सुकत नाही, नुसता निथळतो. त्या हवेत तोच वेग शरीराला जास्त महाग पडतो.

त्यानं कागदावरचे आकडे परत वाचले. म्हणाला, "म्हणजे हे तुमच्याकडे यायचं दुखणंच नव्हतं."

अर्धं नव्हतंच. मी समुपदेशक आहे, प्रशिक्षक नाही. जेल कधी आणि लांब धाव किती हे ठरवायला मी त्याला एका अनुभवी प्रशिक्षकाकडे धाडलं. पण एक राग इथे नोंदवून ठेवते. "मॅरेथॉन पायांनी नाही, मनानं धावतात" असलं वाक्य टी-शर्टवर छापणाऱ्यांनी माझ्याकडे बरीच गिऱ्हाइकं पाठवली आहेत. ज्याच्या पायात साखर उरलेली नाही त्याला मनाचा दाखला देणं म्हणजे टाकीत पेट्रोल नसताना ड्रायव्हरला झापणं. मोठमोठ्यांचंही हे होतं. इरिट्रियाचा झेरसेनाय तादेसे घ्या. २००९ साली लंडनला पहिली मॅरेथॉन अर्धवट सोडली. २०१० च्या मार्चमध्ये लिस्बनला हाफचा विश्वविक्रम, ५८ मिनिटं २३ सेकंद. रीगलचं सूत्र त्यावरून मॅरेथॉनचे दोन तास पावणेदोन मिनिटं सांगतं. पुढच्याच महिन्यात लंडनला त्याला २ तास १२ मिनिटं लागली. आणि आपल्या कविता राऊत. २०१० ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य, २०१६ च्या फेब्रुवारीत गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेत मॅरेथॉनचं सुवर्ण २ तास ३८ मिनिटांत, आणि त्याच वर्षी रिओ ऑलिम्पिकमध्ये २ तास ५९. तीच बाई, तेच पाय, सहा महिन्यांत एकवीस मिनिटांचा फरक. सावरपाड्याच्या या मुलीचं मन कच्चं होतं असं म्हणायची कुणाची छाती आहे?

आता उरलेलं अर्धं, जे खरंच माझ्या खोलीतलं होतं.

मी त्याला विचारलं, पहिल्या पंधरा किलोमीटरमध्ये कसं वाटत होतं? "मस्त. दम लागत होता, पण म्हटलं लागणारच." हे वाक्य मी त्याला तीनदा म्हणायला लावलं. दहा किलोमीटरच्या शर्यतीत तिसऱ्या किलोमीटरपासूनच त्रास सुरू होतो, आणि तो सुरू झाला की समजायचं, बरोबर चाललंय. शरीर कुरकुरलं की दुर्लक्ष करायचं, हे त्यानं दहा वर्षं घोटलेलं. तोच त्याचा गुण. मॅरेथॉनमध्ये पंधराव्या किलोमीटरला दम लागत असेल तर ती वॉर्निंग असते. त्यानं ती शाबासकी समजून घेतली. मन कच्चं असतं तर तो तिथेच घाबरून सावकाश झाला असता आणि कदाचित साडेतीन तासांत पोहोचला असता. त्याचं मन हट्टी निघालं, आणि त्याला एकच भाषा येत होती.

दुसरी गोष्ट लाजेची. हळू धावायला तो लाजतो. त्याच्या प्रशिक्षकानं सांगितलं, लांब धावा किलोमीटरला सहा मिनिटांच्या वेगानं कर. पहिल्याच रविवारी गोल्फ क्लबवर तिघांनी विचारलं, "काय रे, इंजुरी?" त्यानं तडकाफडकी वेग वाढवला. शिवाय सगळं स्ट्राव्हावर, म्हणजे धावांची नोंद मित्रांना दाखवणाऱ्या ॲपवर, दिसतं. "मॅडम, सहा पंधराचा पेस दिसला की लोक लाइकसुद्धा दयेनं करतात."

यावर मी काही थोर उपाय केला नाही. त्याला जागा बदलायला सांगितली. गोल्फ क्लब सोडून गंगापूर रोडनं सोमेश्वरच्या पुढे, जिथे त्याला कुणी ओळखत नाही. ॲपवर त्या धावा खासगी. आणि घड्याळाऐवजी पाढे. धावताना मोठ्यानं पाढे म्हणायचे. ओळ मध्येच तुटून श्वास घ्यावा लागला की वेग कमी करायचा. बोलता येईल इतकंच पळायचं ही जुनीच कसोटी आहे, पण हा माणूस एकटा पळतो, बोलणार कुणाशी? बाराचा झकास गेला. तेराला थोडा अडखळला. सतराचा पाढा त्याला येतच नव्हता. शाळेतही नव्हता आला. तिसऱ्या रविवारी त्यानं मला आवाज रेकॉर्ड करून पाठवला: पायांचा टप टप आवाज, एका टपरीवरचा रेडिओ, कुत्र्याचं भुंकणं आणि "सतरा सक एकशे... एकशे... च्यायला." श्वास मात्र शांत होता.

मला ते रेकॉर्डिंग फार आवडलं. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या आवाजात चेष्टा होती.

देवरे काकांचा विषय मी मुद्दाम उशिरा काढला. त्याला म्हटलं, काकांनी पाठीवर हात ठेवला तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, विचारलंस? नव्हतं विचारलं. कारखान्याच्या कँटीनमध्ये एकदाचं विचारलं त्यानं. काका म्हणाले, "मला वाटलं तू मेलास. घाबरलो होतो." आणि पुढे, "माझ्या पहिल्या मॅरेथॉनला मी पाच तास वीस मिनिटं घेतली होती, कुणाला सांगू नकोस." समीरनं मला सांगितलं. मी तुम्हाला सांगते आहे, कारण काकांचं खरं आडनाव देवरे नाही.

एक गोष्ट मी त्याच्यापासून लपवली नाही. सगळे वेगवान धावपटू सरावानं मॅरेथॉनपटू होतातच असं नाही. काहींचे स्नायूच झपाट्याच्या कामाचे असतात, त्यांचं खरं घर पाच-दहा किलोमीटर. त्यात कमीपणा काय? पण हे ठरवायला एका वाईट रविवारचा पुरावा पुरत नाही, तेही एक केळं आणि एका जेलवरच्या. समीर म्हणाला, अजून एक तरी करतो. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. दिवाळीनंतर त्यानं त्र्यंबक रोडवर ३२ किलोमीटरची धाव केली, खिशात तीन जेल घेऊन. पहिली चार किलोमीटर पुन्हा जोरात गेलाच. सवय अशी एका पावसाळ्यात जात नाही. पण पाचव्याला त्याचं त्यालाच कळलं.

यंदाच्या जानेवारीत मुंबईला त्याला ३ तास २६ मिनिटं लागली. रात्री नऊला मेसेज आला, किलोमीटरवार आकड्यांचा फोटो, खाली: "पेडर रोडला चाललो नाही. कॅल्क्युलेटरपेक्षा २४ मिनिटं मागे."

मी विचारलं, किती जेल?

"पाच. पोटात अजून गोड गोड वाटतंय. सतराचा पाढा मात्र आठवला नाही."