प्रश्नावली पाठवण्याआधी

प्रिय मित्रा,
सप्रेम आशीर्वाद.

रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांच्या समाधानाची तुझी प्रश्नावली वाचली. प्रश्न नेटके आहेत, भाषाही सौम्य आहे. पण एवढ्या प्रश्नांत रोस्टरबद्दल, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकाबद्दल, एकही नाही, नाइट ड्युटीनंतरच्या सुटीबद्दलही नाही. 'व्यवस्थापन आपल्याशी आदराने वागते का?' हे मात्र तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारलं आहेस. आदर रोस्टरमध्येच दिसतो रे. सुटी आदल्या संध्याकाळी रद्द झाली, की त्या माणसाला तुझ्या आदराबद्दल जे कळायचं ते कळतं.

सोबतच्या आराखड्यात १२ मेला परिचारिका दिनाचा सत्कार, ताणमुक्तीवर व्याख्यान आणि 'महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी' असं बक्षीस आहे. सत्कार जरूर कर, लोकांना आवडतो. व्याख्यान रद्द कर. रात्रभर वॉर्डात पळालेल्या माणसाला सकाळी श्वासाचे व्यायाम शिकवायला थांबवून ठेवलं, तर तो चिडतो आणि त्याचं चिडणं रास्त असतं. बक्षिसाबद्दल पुढे लिहिते.

फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये एक मांडणी केली होती. त्याने बोलतं केलं अभियंत्यांना आणि लेखापालांना, पण ती आपल्याकडे चांगली लागू पडते. त्याचं म्हणणं असं, की नाराजीची कारणं आणि समाधानाची कारणं वेगवेगळी असतात. पगार, नियम, देखरेख, कामाची जागा यांत बिघाड झाला की माणूस नाराज होतो; ते सुधारलं की नाराजी कमी होते, पण तेवढ्याने समाधान मिळत नाही. ते कामातूनच मिळतं. या मांडणीवर पुढे पुष्कळ टीका झाली, ती वाच. तरी एक गोष्ट ध्यानात ठेव: इतर उद्योगांना कामात अर्थ भरावा लागतो, आपल्याकडे तो आयता असतो. ऑपरेशननंतर पहिल्यांदा उठून चार पावलं टाकणाऱ्या रुग्णाला आधार देणाऱ्या सिस्टरला 'तुमचं काम मोलाचं आहे' हे पोस्टर लावून सांगावं लागत नाही. तिला त्या चार पावलांसाठी वेळ हवा असतो. तो वेळ कुठे जातो ते शोधणं, हे तुझं पहिलं काम.

बराचसा लिहिण्यात जातो. अमेरिकेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की ओपीडीतले डॉक्टर रुग्णासमोर जेवढा वेळ घालवतात, त्याच्या जवळपास दुप्पट वेळ संगणकावरच्या नोंदी आणि टेबलावरचं काम यांत जातो. वॉर्डात याहून फार वेगळं नसतं. हवाई पॅसिफिक हेल्थ या संस्थेने २०१७ मध्ये यावर साधा उपाय काढला. कर्मचाऱ्यांना सांगितलं, की नोंदींच्या पद्धतीत जे निरुपयोगी किंवा सरळ मूर्खपणाचं वाटतं ते आम्हाला कळवा. 'दर तासाला रुग्णाकडे जाऊन आले' अशी एक नोंद नर्स करत असत. एका नोंदीला साधारण २४ सेकंद. ती काढून टाकल्यावर त्यांच्या चार रुग्णालयांत मिळून महिन्याला सुमारे १,७०० तास वाचले.

हेच तू कर. प्रत्येक वॉर्डात जाऊन एवढंच विचार, 'असं कोणतं रजिस्टर आहे, जे तुम्ही भरता आणि कोणी वाचत नाही?' उत्तरं झटक्यात येतील. काही नोंदी कायद्याने किंवा मानांकनासाठी लागतात. त्या का लागतात ते समजावून सांग, निम्मी कुरकुर तिथेच थांबते. काही लगेच बंद करता येतील. आणि काही कुणी सुरू केल्या हेच कोणाला आठवत नसेल; त्यांच्याकडे आधी बघ. शोधाशोधीचंही विचार: बीपीचा कफ, व्हीलचेअर, चालू स्थितीतलं सक्शनचं यंत्र, वेळेवर न आलेल्या चादरी. स्टोअरला चार-चार फोन करण्यात जाणारी शिफ्ट कोणत्याही अहवालात दिसत नाही. ज्याने जे सुचवलं त्याला त्याच्या नावाने उत्तर दे, तारखेसह. 'नाही' असलं तरी दे. सूचनापेटी उघडायचीच नसेल, तर लावू नकोस.

आता अवघड भाग. माणसं कमी असतील, तर वरचं सगळं तोकडं पडेल. लिंडा एकेन या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नर्समागे एक रुग्ण वाढला, की तिच्या बर्नआउटची (कामाने पार थकून, विटून जाण्याची) शक्यता २३ टक्क्यांनी आणि कामाबद्दलच्या असमाधानाची १५ टक्क्यांनी वाढलेली दिसली. त्याच एका जादा रुग्णासोबत, शस्त्रक्रिया झालेल्यांच्या ३० दिवसांतल्या मृत्यूची शक्यताही ७ टक्क्यांनी वाढलेली होती. हे आकडे घेऊन वित्त विभागाकडे जा. समाधानाच्या नावाने पदं मागितलीस तर ती चैन वाटेल. रुग्णाच्या सुरक्षिततेच्या नावाने माग, कारण ती खरोखरच तीच गोष्ट आहे. पदं मिळाली नाहीत, तर वॉर्डात येऊन तसं स्पष्ट सांग आणि खाटा किंवा नियोजित शस्त्रक्रिया कमी करता येतील का, हे डॉक्टरांबरोबर बसून ठरव. 'आपण सगळे मिळून निभावून नेऊ' हे वाक्य कृपा करून वापरू नकोस. निभावणारे नेहमी तेच असतात.

रोस्टर निदान चार आठवडे आधी लाव. शिफ्ट सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने पुढे सरकू दे. उलट्या क्रमाने झोप अधिक बिघडते. आपसात ड्युटी बदलायची सोय ठेव. कोणाला किती नाइट आल्या आणि सुटीच्या दिवशी कोण किती वेळा कामावर होतं, हे सगळ्यांना दिसेल असं लाव. एखाद्याचं वर्षानुवर्षं सांभाळून घेतलं गेलं असेल, तर थोडा आरडाओरडा होईल. होऊ दे.

तुझी प्रश्नावली फक्त डॉक्टर आणि नर्स यांच्यासाठी आहे. लॅबमधले तंत्रज्ञ, फार्मसी, रेकॉर्ड रूम, सफाई कर्मचारी कुठे गेले? एमी व्झेस्नेव्स्की आणि जेन डटन या संशोधकांनी २००१ मध्ये लिहिलेल्या निबंधात रुग्णालयातल्या सफाई कर्मचाऱ्यांचं उदाहरण आहे. काहींच्या लेखी आपलं काम म्हणजे फरशी पुसणं होतं; काही स्वतःला रुग्ण बरा करणाऱ्यांपैकी एक मानत आणि रुग्णांशी, भेटायला आलेल्यांशी आपणहून बोलत. महिन्याच्या बक्षिसाने असा माणूस घडत नाही. एकाला बक्षीस मिळतं आणि बाकीचे 'त्यालाच का' याचा हिशेब करत बसतात. त्याऐवजी ज्या रुग्णाचं बरं झालं, त्याची बातमी त्याच्यासाठी राबलेल्या प्रत्येकापर्यंत पोहोचव. आयसीयूतून वॉर्डात गेलेल्याचं पुढे काय झालं, हे आयसीयूला बहुतेक वेळा कळतच नाही.

वॉर्ड इनचार्जकडे तू फारच कमी लक्ष दिलं आहेस. माणसं टिकतात की जातात, हे तुझ्यापेक्षा तिच्यावर जास्त अवलंबून असतं. आपण उत्तम नर्स निवडतो, तिला इनचार्ज करतो आणि माणसं कशी सांभाळायची हे शिकवतच नाही. वर तिच्याकडे रुग्णही ठेवतो. तिला शिकव आणि मोकळीक दे. एमी एडमंडसन या संशोधकांच्या १९९६ च्या अभ्यासात चांगलं नेतृत्व असलेल्या वॉर्डांत औषधांच्या चुका उलट जास्त दिसल्या. तिथले लोक चुकांबद्दल बोलायला घाबरत नव्हते, हे त्यामागचं कारण त्यांनी मांडलं. म्हणून ज्या वॉर्डातून चुकांचे अहवालच येत नाहीत, त्याचं कौतुक करण्याआधी तिथे एक चक्कर मार.

आणि नातेवाईक अंगावर धावून आले, तर तू स्वतः तिथे जा. 'तुम्ही काय बोललात?' हा पहिला प्रश्न असू नये.

प्रश्नावली रद्द करू नकोस, छोटी कर. 'नाव लिहू नये' असं वर छापून खाली विभाग, वय आणि नोकरीची वर्षं विचारली आहेस. चार माणसांच्या विभागात ही कोणाची उत्तरं, हे शिपाईही ओळखेल. ते रकाने काढ, नाइट आणि सुटीचे प्रश्न घाल आणि नवा मसुदा मला पाठव. सोबत गेल्या तीन महिन्यांचं एखाद्या मेडिकल वॉर्डचं रोस्टर जोड, खाडाखोडीसकट.

तुझी,
जुनी मेट्रन