थिसिसच्या मुलाखतीत अल्पवयीन मुलीने अत्याचाराबद्दल सांगितलं, तर गोपनीयता पाळायची की पोलिसांना कळवायचं?

तुम्ही पुण्यात पीजी करताय, शाळकरी मुलींच्या मुलाखती घेणार आहात आणि एखादीने असं काही सांगितलं तर गप्प राहता येईल का, असं विचारलंय. नाही येणार. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या (2012) कलम 19 मध्ये संशोधकाला सूट नाही. 18 वर्षांखालच्या मुलामुलींवर असा गुन्हा झाल्याचं कळलं, की पोलिसांना कळवावंच लागतं. नाही कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. आपल्याच राज्यातल्या राजुऱ्याच्या प्रकरणात न कळवणाऱ्या डॉक्टरवरचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता, तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये फिरवला.

पण खरी अडचण कायद्याची नाही, तुमच्या कन्सेंट फॉर्मची आहे. येरवड्याच्या एका वस्तीत मी रक्तक्षयावरच्या मुलाखती घेत होते. सोळा वर्षांची मुलगी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बोलत होती. मधेच काकाचं नाव घेतलं आणि रेकॉर्डरकडे बघून म्हणाली, "मॅडम, तुम्ही म्हणालात ना, कुणाला कळणार नाही?" फॉर्मवर छापलं होतं, 'आपली सर्व माहिती पूर्णपणे गोपनीय राहील.' ती ओळ मीच जुन्या प्रोटोकॉलमधून जशीच्या तशी उचलली होती. मी कळवलं, ते बरोबरच होतं. पण ती पुन्हा ओपीडीत आली नाही, आणि तिला खोटं वचन मी दिलं होतं.

म्हणून ती ओळ आजच बदला: 'तुला कुणी त्रास देत असल्याचं कळलं, तर ते आम्हाला पोलिसांना सांगावं लागेल.' पालकांच्या संमतिपत्रातही घाला आणि रेकॉर्डर लावण्याआधी तोंडी सांगा. कळवायची वेळ आलीच, तर आधी तिला सांगून, समुपदेशक सोबत घेऊन कळवा. कोण फोन करणार, गाईड की तुम्ही, हे एथिक्स कमिटीला आधीच लिहून द्या.

सर्वोच्च न्यायालयाच्याच सप्टेंबर 2022 च्या निकालाचा आधार कुणी सुचवेल. त्यात मुलीची ओळख न देण्याची मुभा आहे, पण ती अल्पवयीन मुलीचा गर्भपात करणाऱ्या डॉक्टरसाठी. तुमच्या मुलाखतींना ती लागू धरू नका.

आता हे आधी ऐकल्यावर काही मुली "पुढचा प्रश्न विचारा" म्हणतात. मी पुढचा विचारते. निघताना समुपदेशकाचा नंबर आणि 1098 हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर चिठ्ठीवर लिहून देते.